चेक हातात आला, पण वटला का?

"मामा, पैसे आले! फाइल पाठवून दिली."

माझा भाचा बेळगावच्या अनगोळात राहतो. दिवसा उद्यमबागेत सीएनसी मशीन चालवतो आणि रात्री घरी लाकडी दरवाजांवर कोरायच्या नक्षीच्या फायली तयार करून परदेशातल्या सुतारांना विकतो. त्या दिवशीच्या गिऱ्हाइकाने बिटकॉइनमध्ये पैसे दिले होते. भाच्याने जेवून येऊन वॉलेट (बिटकॉइन ठेवायचं अ‍ॅप) उघडलं, तर ती रक्कम तिथे नव्हतीच. तीन आठवडे खपून केलेली नक्षी गेली. पोर दोन दिवस नीट जेवलं नाही. पुन्हा कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

दिसलेले पैसे आणि जमा झालेले पैसे यांत त्याची गल्लत झाली. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याला हा फरक शिकवावा लागत नाही. गिऱ्हाइकाने चेक दिला म्हणून तो उधारीवर काट मारत नाही, चेक वटल्यावर मारतो. यूपीआयमुळे मात्र आपली ही सवय सुटली. स्कॅन केलं, साउंडबॉक्स बोलला, की विषय संपला. बिटकॉइनमध्ये जुनी सवय पुन्हा लावून घ्यावी लागते.

गिऱ्हाइकाने 'पाठवा' दाबलं की व्यवहाराची खबर काही सेकंदांत जगभरच्या संगणकांवर पोहोचते आणि मेमपूल नावाच्या प्रतीक्षायादीत जाऊन बसते. तुमचं वॉलेट ती खबर वाचूनच रक्कम दाखवायला लागतं, शेजारी बारीक अक्षरांत 'पेंडिंग' किंवा 'अनकन्फर्म्ड' लिहिलेलं असतं. हा झाला हातातला चेक. माइनर, म्हणजे व्यवहारांची नोंद करणारे संगणकवाले, सरासरी दर १० मिनिटांनी या यादीतले व्यवहार उचलून ब्लॉकमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, बांधतात आणि ज्याची फी जास्त त्याला आधी घेतात. तुमचा व्यवहार ब्लॉकमध्ये गेला की एक कन्फर्मेशन झालं. पुढे त्यावर चढणारा प्रत्येक ब्लॉक म्हणजे आणखी एक.

व्यवहार यादीत आहे तोवर पाठवणारा तेच पैसे जास्त फी लावून स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर वळवू शकतो. ही सोय मुळात कमी फीमुळे अडकलेला व्यवहार पुढे सरकवण्यासाठी आहे. बिटकॉइन कोअर हे नेटवर्कवरच्या बहुतेक संगणकांवर चालणारं सॉफ्टवेअर. त्याच्या ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीपासून तर कुठलाही अनकन्फर्म्ड व्यवहार असा बदलू देणं हीच त्या सॉफ्टवेअरची मूळ सेटिंग आहे. गिऱ्हाईक प्रामाणिक असलं तरी धोका उरतोच. फी फारच कमी ठेवली असेल तर व्यवहार लटकून राहतो आणि दोन आठवड्यांनी यादीतून गळून पडू शकतो.

मग थांबायचं किती? सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली लिहिलेल्या बिटकॉइनच्या मूळ निबंधात याचं गणित मांडलेलं आहे. फसवणाऱ्याच्या हाती नेटवर्कच्या संगणकांची १० टक्के ताकद असली, तरी व्यवहारावर पाच ब्लॉक चढल्यावर तो उलटवण्याची शक्यता ०.१ टक्क्याच्या खाली जाते. सहा कन्फर्मेशन, म्हणजे साधारण तासभर, ही रूढी पडली आहे. माझ्या मते पाचशे रुपयांच्या फायलीला एक पुरे, पन्नास हजारांच्या कामाची फाइल सहा झाल्याशिवाय देऊ नये. गिऱ्हाईक घाई करत असेल तर तोवर नक्षीचं वॉटरमार्क घातलेलं लहान चित्र पाठवा. हातात देता येणारी वस्तू परत तरी मागता येते. एकदा डाउनलोड झालेली फाइल परत येत नाही.

गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर कधीच विसंबू नका. ट्रान्झॅक्शन हॅश, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागा आणि ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर, स्वतः बघा.

इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कवर दर १२ सेकंदांना ब्लॉकची पाळी येते आणि व्यवहार 'फायनलाइज्ड', म्हणजे कायमचा पक्का, व्हायला साधारण १३ मिनिटं लागतात. तिथे, आणि ट्रॉन या तशाच नेटवर्कवरही, वेगळीच काळजी घ्यावी लागते. यूएसडीटी हे डॉलरच्या भावाशी बांधलेलं टोकन, म्हणजे डिजिटल नाणं. पण त्याच नावाचं टोकन कुणीही बनवू शकतं. असं खोटं टोकन तुमच्या वॉलेटमध्ये येतं, कन्फर्मही होतं, पण त्याची किंमत शून्य असते. म्हणून नाव न बघता टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता (ते टोकन ज्या प्रोग्रामने बनवलं त्याचा नेटवर्कवरचा पत्ता) खऱ्या यूएसडीटीच्या पत्त्याशी ताडून बघा.

जमा झालेले पैसे मात्र खरोखर तुमचे. कार्डाने दिलेले पैसे गिऱ्हाईक बँकेकडे तक्रार करून काही आठवड्यांनीही परत खेचू शकतं, इथे तसं होत नाही. पैसे परत करायचेच असतील तर नवा व्यवहार करून तुम्हालाच पाठवावे लागतात. तेही ज्या पत्त्यावरून आले त्यावर आंधळेपणाने पाठवू नका. तो पत्ता एखाद्या एक्सचेंजचा, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीचा, असेल, तर पैसे गिऱ्हाइकाला मिळतीलच असं नाही. त्याच्याकडून पत्ता मागून घ्या.

आणि वहीत जमा झाल्याची तारीख, हॅश आणि त्या दिवसाचा रुपयांतला भाव लिहून ठेवा. क्रिप्टो आपल्याकडे कायदेशीर चलन नाही, पण २०२२ पासून ते विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि विक्रीच्या वेळी १ टक्का टीडीएसही कापला जातो. उद्या सीए हाच भाव विचारणार आहे.