स्प्रिंग गाडी पेलते, ऑइल नाही

“गाडी वळणात फार कलते. सध्या ४००चं ऑइल आहे. ६००चं टाकू की ८००चं?”

रिमोट कंट्रोलच्या छोट्या गाड्या पळवणाऱ्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर देण्याआधी मी समोरच्याला गाडीच्या चारही स्प्रिंगा काढायला लावतो. शॉक, म्हणजे ऑइलने भरलेल्या आणि आत पिस्टन सरकणाऱ्या नळ्या, तशाच राहू द्यायच्या, ऑइलसकट. (४००, ८०० हे ऑइलच्या दाटपणाचे आकडे: आकडा मोठा तितकं ऑइल दाट.) मग गाडी टेबलावर चाकांवर उभी करायची आणि हात सोडायचा. शॉकमध्ये ४००चं ऑइल असेल तर चेसिस भसकन खाली बसते. ९००चं असेल तर सावकाश, दमलेला माणूस खुर्चीत बसतो तशी बसते. पण बसते. दोन्ही गाड्यांचं पोट शेवटी टेबलालाच टेकतं.

ऑइलने गाडी पेलली जात असती तर ९००वाली वरच राहिली असती. स्प्रिंग किती दबायचं ते ठरवते, ऑइल किती वेगाने दबायचं ते ठरवतं. स्प्रिंगचा जोर ती किती मिलिमीटर दबली आहे त्यावर अवलंबून असतो. ऑइलचा जोर पिस्टन किती जोरात सरकतोय त्यावर. पिस्टन थांबला की ऑइलचा जोर शून्य, मग ते कितीही दाट असो. गाडी एका लांब वळणात एकसारखी कललेली असते तेव्हा पिस्टन हलतच नसतो. त्या क्षणी तुमच्या महागड्या ऑइलचा उपयोग फक्त शॉकमधली जागा भरण्यापुरता आहे.

यावर ठरलेली हरकत येते: “पण मी दाट ऑइल टाकलं आणि फरक पडला.” पडला असेल, खोटं कोण म्हणतंय! मीही एकदा अख्खी दुपार या भ्रमात घालवली आहे. ४००चं काढून ६००, मग ८००, आणि प्रत्येक वेळी गाडी जास्त ‘टाइट’ वाटत होती. शेवटी फोन जमिनीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. छोट्या वळणात कलणं खरंच कमी दिसलं. मैदानाच्या टोकाच्या लांब वळणात मात्र बॉडीची खालची कड ४००ला जितकी झुकत होती तितकीच ८००ला झुकली, फक्त उशिरा.

घोळ सगळा त्या ‘उशिरा’त आहे. थोडं गणित करू. साधारण १.४ किलोची टूरिंग कार म्हणजे एका चाकावर ३५० ग्रॅम. शॉक चाकापेक्षा आत बसवलेला असतो, त्यामुळे तरफेच्या हिशेबाने त्याच्यावर जास्त भार येतो. तो ६०० ग्रॅम धरू. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २०० ग्रॅम लागत असतील तर ती ३ मिमी दबते, आणि चाकापाशी तेच जवळपास ५ मिमी होतात. एवढ्याशा दबण्यावर उभी असलेली गाडी मोकळी सोडली तर सेकंदाला सुमारे ७ वेळा वरखाली डोलेल. ऑइल बेताचं असेल तर कलायची ती पाव सेकंदाच्या आतबाहेर कलून मोकळी होते. ऑइल काकवीसारखं दाट केलं की हा वेळ ताणला जातो आणि छोटं वळण गाडी पूर्ण कलायच्या आतच संपतं. कलणं कमी झालेलं नसतं, अर्धवट राहिलेलं असतं. त्याची किंमत पुढच्या वळणात मोजावी लागते, कारण डावीकडून सरळ व्हायला जो वेळ हवा तोही वाढलेला असतो आणि गाडी अजून सावरतेय तोवर तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे मारलेलं असतं. जमीन खडबडीत असेल तर आणखी वाईट. खड्ड्यात चाक खाली उतरायच्या आत खड्डा मागे पडतो. हवेतल्या चाकाला ग्रिप कुठून येणार?

मला वाटतं या गोंधळाचं मूळ नवशिक्यांच्या किटमध्येच आहे. टामिया या जपानी कंपनीच्या २०१३ साली आलेल्या टीटी-०२सारख्या चेसिसवर साध्या किटमध्ये ऑइलचे शॉक नसतात, घर्षणाचे असतात. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतं आणि त्यावर गाडीची उसळी थांबते. आता घर्षणाचा स्वभाव वेगळा. हालचाल थांबली तरी ते धरून ठेवतं. अशी गाडी हाताने दाबून अलगद सोडा, ती थोडी खालीच राहते. वर उचलून अलगद सोडा, थोडी वरच राहते. कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने खूण करून बघा, दोन खुणांमध्ये फरक दिसेल. या गाडीवर शिकलेल्याच्या डोक्यात पक्कं बसतं की शॉक गाडीला धरतो. मग तो ऑइलचे शॉक आणतो आणि त्यांच्याकडूनही धरण्याचीच अपेक्षा ठेवतो.

या पायरीवर ऑइलचे शॉक घ्याच, पण प्लॅस्टिकचे पुरेत. निळ्या ॲल्युमिनियमच्या शॉकवर जीव जडवणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. प्लॅस्टिकचा शॉक नीट भरला तर हलगर्जीपणे भरलेल्या चकचकीत शॉकला भारी पडतो. आणि त्याच्याही आधी आसाभोवतीचे साधे बुश काढून बॉल बेअरिंग, मग टायर. हे दोन केल्याशिवाय स्प्रिंग-ऑइलची चर्चा माझ्याशी करू नये, एवढी अट मी घालतो.

आता दुसरा, तितकाच चिवट गैरसमज: शॉकवर स्पेसर (स्प्रिंगच्या टोकाशी बसणारी चकती) चढवला किंवा स्प्रिंगला टेकलेली रिंग फिरवली की स्प्रिंग कडक होते. होत नाही. वरचंच उदाहरण घ्या. स्प्रिंगवर ६०० ग्रॅम भार आहे, ती ३ मिमी दबली आहे. तुम्ही वरून २ मिमीचा स्पेसर घातलात. गाडीचं वजन बदललं का? नाही. म्हणजे भार ६००च, दबणंही ३ मिमीच. गाडी फक्त वर उचलली गेली, शॉकपाशी २ मिमी आणि चाकापाशी जवळपास साडेतीन. पुढचा एक मिलिमीटर दाबायला आधीही २०० ग्रॅम लागत होते, आत्ताही २००च. उलट गाडीचं वजन उंचावर गेल्यामुळे ती थोडी जास्तच कलेल. स्पेसर उंची बसवण्यासाठी असतात, तेवढंच त्यांचं काम.

अपवाद एकच. इतके स्पेसर कोंबले की गाडी जमिनीवर उभी असतानाही शॉक पूर्ण ताणलेला राहतो, तर स्प्रिंग आधीच वजनापेक्षा जास्त दबलेली असते. मग बारीकसारीक उंचवट्याला शॉक दबतच नाही आणि चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. ‘कडक झाली’ असं वाटतं ते याला. गाडी हाताने उचलून बघा: चाकं जमीन सोडायच्या आधी चेसिस थोडी तरी वर आली पाहिजे. नाही आली तर स्पेसर काढा.

स्प्रिंग खरंच बदलायची तर बदला. टामियाच्या टूरिंगच्या नेहमीच्या सेटमध्ये लाल मऊ, पिवळी मध्यम, निळी कडक. दुसऱ्या कंपनीचे रंग वेगळे, पाठ करण्यात अर्थ नाही. पुढच्या-मागच्यातला फरक मात्र लक्षात ठेवा. वळणात एकूण किती वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणार हे स्प्रिंग ठरवत नाही. ते उंची, रुंदी आणि वेग ठरवतात. स्प्रिंग ठरवते त्या वजनातला पुढचा वाटा किती आणि मागचा किती. जी बाजू कडक तिच्याकडे जास्त वाटा, आणि जास्त वाटा म्हणजे त्या बाजूची ग्रिप कमी. वळणाच्या मध्यात नाक बाहेर पळत असेल तर पुढच्या स्प्रिंगा मऊ करा किंवा मागच्या कडक. मागचा भाग सटकत असेल तर उलट. एका वेळी एकच टोक.

ऑइलला हात कधी लावायचा? तक्रार ‘बदलताना’ची असेल तेव्हा. वळणात शिरताना गाडी दचकते, लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत डोलत राहते, किंवा दाबून सोडली की एकदा वर येऊन पुन्हा खाली जाते. ही ऑइलची कामं. दाबून सोडलेली गाडी आपल्या उंचीला येऊन तिथेच थांबली पाहिजे. पिस्टनची भोकंही हेच काम करतात, कमी भोकं म्हणजे जास्त अडवणूक. पण कमी भोकांचा पिस्टन अचानक बसलेल्या धक्क्याला जवळजवळ कुलूप लावतो. खडबडीत जागी जास्त भोकं आणि किंचित दाट ऑइल ही माझी आवड, वाद घालायला मी तयार आहे.

आकड्यांबद्दल एकच. बाटलीवरचं ‘वेट’ हे कंपनीगणिक वेगळं असतं. सेंटिस्टोक हे दाटपणाचं खरं माप. असोसिएटेड कंपनीचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक, पण दुसऱ्याचं ३० वेट तेवढंच असेल असं नाही. एका कंपनीचं ऑइल घ्या आणि तिलाच धरून राहा. शिलाई मशीनचं किंवा इंजिनचं तेल ओतायचा विचारही नको. शॉकमधल्या सिलिकॉनच्या ओ-रिंगा (ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्या) त्याने फुगतात.

भरताना शॉक उभा धरा, काठोकाठ भरा, पिस्टन हळूहळू वरखाली करा आणि बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तसाच ठेवून द्या. पिस्टन खाली ठेवून झाकण लावा. दांडा पकडीने धरू नका, एक चरा पडला की ओ-रिंग कितीही नवी असो, ऑइल झिरपतंच. डाव्या-उजव्या शॉकचे दांडे आत दाबून सोडा, दोघांनी सारखंच बाहेर यायला हवं.

आणि स्प्रिंग मऊ करायची म्हणून तिचे दोन वेढे कापून टाकणाऱ्यांसाठी: वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. गाडी खाली बसली ती स्प्रिंग आखूड झाली म्हणून.