सांगोल्याचे अकरा विजय आणि दोन पराभव

2024च्या विधानसभा निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) एकच उमेदवार निवडून आला, तो सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून. नाव डॉ. बाबासाहेब देशमुख. त्यांनी हरवले शहाजीबापू पाटलांना, म्हणजे 2022च्या एकनाथ शिंदेंच्या बंडात ‘काय झाडी, काय डोंगार’मुळे घराघरांत पोचलेल्या बापूंना. बाहेरच्यांनी या निकालाची गंमत म्हणून दखल घेतली. पण सांगोला तालुक्यात पाटील विरुद्ध देशमुख ही लढत कितीतरी जुनी आहे. ती समजायची तर बाबासाहेबांच्या आजोबांपर्यंत, गणपतराव देशमुखांपर्यंत मागे जावे लागते. पक्षात ते ‘भाई’ आणि तालुक्यात ‘आबासाहेब’.

मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा जन्म. पुढे वकिलीचे शिक्षण आणि शेकापचे काम. 1962 साली ते सांगोल्यातून पहिल्यांदा विधानसभेत गेले. काळ शेकापसाठी अवघड होता. 1950च्या दाभाडी अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी भूमिका घेतली, पण ती मांडणाऱ्या पिढीतले शंकरराव मोरे, केशवराव जेधे, तुळशीदास जाधव एकेक करून काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांचे बेरजेचे राजकारण, म्हणजे विरोधकांनाही काँग्रेसमध्ये सामावून घेणे, ऐन भरात होते. 1962ला काँग्रेसचे 264 पैकी 215 आमदार आले आणि शेकापचे 15. त्या पंधरांतले बरेच मतदारसंघ पुढे पक्षाच्या हातून गेले. सांगोला टिकला.

का टिकला, याचे ठरलेले उत्तर म्हणजे साधेपणा. आमदारांसाठी राखीव सीटवर बसून एसटीने मुंबईला जाणारे आबासाहेब, हे चित्र वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा रंगवले की त्यापुढे दुसरे काही दिसेनासे झाले. चित्र खरे आहे. पण साधे राहणारे उमेदवार त्या पिढीत इतरही होते आणि ते पडलेही. साधेपणावर एखादी निवडणूक निघते, अकरा निघत नाहीत.

शिवाय सांगोल्याने त्यांना दोनदा घरी बसवले. 1972ला काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. म्हणजे महाराष्ट्राच्या त्या भीषण दुष्काळात, जेव्हा माणदेशातली माणसे खडी फोडून पोट भरत होती, तेव्हा आबासाहेब सभागृहाबाहेर होते. 1974च्या पोटनिवडणुकीत ते परतले आणि मग 1990पर्यंत हलले नाहीत. दुसरा पराभव 1995चा, शहाजीबापूंकडून, अवघ्या 192 मतांनी. 1999ला आबासाहेब पुन्हा आले आणि 2014पर्यंत सलग चार वेळा जिंकले.

मधल्या काळात विरोधी पक्षनेतेपद झाले आणि दोनदा मंत्रिपदही. पहिले 1978च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात, दुसरे 1999नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात. पुलोद 1980ला बरखास्त झाले. 2002ला रायगडमधल्या राष्ट्रवादी–शेकाप भांडणातून पक्षाने पाठिंबा काढला आणि दुसरी खुर्चीही गेली. दोन्ही वेळचे मंत्रिपद पाच वर्षे टिकले नाही. त्यामुळे मंत्री म्हणून त्यांचे मोजमाप करण्यात फारसा अर्थ नाही.

खरे काम तालुक्यात होते, आणि ते पाण्याचे होते. सांगोल्यात पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राच्या वाट्याला बच्छावत लवादाने 560 टीएमसी (अब्ज घनफूट) दिले. त्या निवाड्याचा फेरविचार 31 मे 2000नंतर होऊ शकत होता, तेव्हा त्याआधी जास्तीत जास्त पाणी अडवणे राज्याला भाग होते. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी तेरा दुष्काळी तालुके एकत्र बांधले आणि आटपाडीत पाणी परिषदा भरवायला सुरुवात केली. मागणी नुसती ‘आम्हालाही पाणी द्या’ एवढीच नव्हती. ज्याला जमीन नाही त्या कुटुंबालाही वाटा हवा, हे समन्यायी वाटपाचे सूत्र परिषदेतून पुढे आले. ते पूर्णपणे अमलात आले असे नाही. पण कराडजवळ कृष्णेतून उचललेले टेंभू योजनेचे पाणी पुढे बुद्धेहाळ तलावापर्यंत आले, त्यामागे वर्षानुवर्षांचे मोर्चे, धरणी आणि सभागृहातले प्रश्न आहेत. आमदार सत्तेत नसताना काय करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला तरी आठवत नाही.

दुसरे काम शेतकरी सहकारी सूतगिरणीचे. सहकारी सूतगिरण्या राज्यभर एकामागून एक तोट्यात जात असताना सांगोल्याची गिरणी चालत राहिली. ऊस नसलेल्या तालुक्यात साखर कारखान्यावर राजकारण उभे राहत नाही. इथे रोजगार द्यायचा तर काही वेगळेच काढावे लागणार होते. डाळिंबाचे पैसे तालुक्यात आले ते पुढे.

2009ला दहावा विजय झाला तेव्हा करुणानिधींच्या विक्रमाशी बरोबरी झाल्याच्या बातम्या आल्या. पुढे करुणानिधी आणि केरळचे के. एम. मणी तेरापर्यंत गेले, तेव्हा देशातला विक्रम वगैरे जरा जपूनच म्हणावे. 2014ला, ऐंशीच्या पुढच्या वयात आणि मोदी लाटेत, त्यांनी शहाजीबापूंना सुमारे 25 हजारांनी पाडले. त्या वेळी शेकापचे आमदार तीन होते.

एक गोष्ट मात्र अडचणीची आहे. पन्नास वर्षांत घराबाहेरचा वारसदार तयार झाला नाही. 2019ला वयामुळे आबासाहेब थांबले तेव्हा उमेदवारी नातू डॉ. अनिकेत देशमुखांना गेली आणि शहाजीबापू 768 मतांनी जिंकले. घराणेशाहीवर टीका करत आलेल्या डाव्या पक्षाला हे शोभले का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आबासाहेब 30 जुलै 2021 रोजी गेले.

2024ला दुसरा नातू उभा राहिला. महाविकास आघाडीत शेकाप असूनही उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने सांगोल्यात दीपक साळुंखेंना उतरवले, म्हणजे एका बाजूला शिंदेंची शिवसेना, दुसऱ्या बाजूला ठाकरेंची. लढत तिरंगी झाली आणि बाबासाहेब 25 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत लोह्याची जागा, 2019ला शेकापने राज्यात जिंकलेली एकमेव जागा, पक्षाच्या हातून गेली.