पाचूचा दागिना घेण्यापूर्वी

पाचू बघायला आलेले बहुतेक ग्राहक आधी विचारतात, ‘यात डाग नाहीत ना?’ हिऱ्याला हा प्रश्न शोभतो, पाचूला नाही. नैसर्गिक पाचूत चिरा, जाळी, बारीक कण असतातच, आणि बाजारातल्या बहुतेक पाचूंच्या चिरांत तेल किंवा रेझिन, म्हणजे राळेसारखा पदार्थ, भरलेलं असतं. हा व्यवहार जुना आहे, त्यात फसवणूक नाही. न सांगणं ही फसवणूक. तेव्हा विचारायचं ते असं: चिरा कुठे आहेत, त्यांत काय भरलंय आणि किती भरलंय? याची उत्तरं लेखी घ्या.

रंग

बेरिल नावाच्या खनिजाचा हिरवा प्रकार म्हणजे पाचू. शुद्ध बेरिल रंगहीन असतं. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश आला की हिरवा रंग चढतो, लोह जास्त असेल तर हिरव्यात निळसर झाक येते. रंग फारच फिका असेल तर रत्न तपासणारी प्रयोगशाळा त्याला पाचू म्हणत नाही, ‘ग्रीन बेरिल’ लिहून देते, आणि भाव लगेच उतरतो.

पाचूची किंमत सगळ्यांत जास्त रंगावर ठरते. भर हिरवा, जिवंत, सगळीकडे सारखा पसरलेला रंग महाग. तो इतका गडद नको की दगड काळपट दिसावा. दुकानातल्या दिव्यांखाली रंग पसंत करू नका, मग ते दुकान आमचं का असेना. दगड पांढऱ्या कागदावर ठेवा, दाराशी किंवा खिडकीशी या, थेट ऊन टाळा आणि मग बघा. घरी तो ट्यूबलाइटखाली दिसणार आहे, म्हणून तिथेही एकदा धरून बघा. कागदावर चार अक्षरं लिहून दगड त्यावर पालथा नव्हे, सरळ ठेवा. मधोमध अक्षरं स्वच्छ वाचता आली तर घाट उथळ पडलाय. अशा दगडाचा रंग मध्यभागी विरतो, वजन कितीही असो.

चिरा आणि भरण

दहापट भिंगाखाली पाचू बघण्यासारखा असतो. कोलंबियाच्या दगडात कधी कधी दातेरी कडांची एक इवलीशी पोकळी सापडते. तिच्यात द्रव, द्रवात हवेचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक. झांबियाच्या दगडात बहुधा अभ्रकाचे काळे-तपकिरी पापुद्रे किंवा बांबूच्या कांड्यांसारख्या सुया दिसतात. या खुणांना दोष म्हणू नका. दगड जमिनीतून आला याची ती साक्ष आहे. काळजी करायची ती पृष्ठभागापर्यंत आलेल्या चिरांची, त्यातही कोपऱ्यातून किंवा कडेवरून आत गेलेल्या चिरेची. दागिन्यात बसवताना दगड तिथेच उडतो.

तेल का लावतात? चिरेत हवा असली की प्रकाश तिथे अडखळतो आणि चीर पांढुरकी चमकते. तेलातून प्रकाश जवळपास पाचूतून जातो तसाच जातो, म्हणून तेल भरलेली चीर नजरेला विरून जाते. पूर्वापार सीडरवुड तेल वापरतात. ते रंगहीन असतं, काही वर्षांनी सुकतं आणि पुन्हा लावता येतं. रेझिन जास्त टिकतं, पण काही प्रकार कालांतराने पिवळट किंवा धूसर होतात आणि काढणं जिकिरीचं असतं. रेझिन भरलेला दगड भिंगाखाली हळूहळू कलता केला तर चिरेत निळी किंवा नारिंगी झळक उमटून जाते. तिसरा प्रकार हिरवा रंग घातलेल्या तेलाचा. तो फिक्या दगडाला खोटा रंग देतो. असा माल आम्ही ठेवत नाही आणि तुम्हीही कुठे घेऊ नका.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर भरणाचं प्रमाण लिहिलेलं असतं: ‘मायनर’ (किरकोळ), ‘मॉडरेट’ (मध्यम), ‘सिग्निफिकंट’ (भरपूर). काही ठिकाणी एफ1, एफ2, एफ3 अशी अक्षरं असतात. एकाच रंगाचे आणि एकाच वजनाचे दोन दगड शेजारी ठेवले आणि एकात किरकोळ, दुसऱ्यात भरपूर भरण असेल, तर डोळ्यांना फरक कळणार नाही. भावात मात्र तो मोठा असायला हवा. अजिबात भरण नसलेला चांगल्या रंगाचा पाचू दुर्मीळ असतो. कोणी तो स्वस्तात देत असेल तर रिपोर्ट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुठल्या खाणीचा?

कोलंबियातल्या मुझो आणि चिवोर या खाणींचं नाव मोठं आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांच्या हाती त्या खाणी गेल्या, आणि तिथला पाचू पोर्तुगीजांच्या गोव्यात उतरून मुघलांच्या आणि दख्खनच्या दरबारांत पोचू लागला. एखाद्या घरच्या जुन्या तनमणीत किंवा शिरपेचात कोलंबियाचा पाचू निघाला तर नवल नाही. असा दागिना मोडीत काढण्याआधी दगड तपासून घ्या, ही आमची कळकळीची विनंती. जुन्या कोंदणात दगडामागे डांक, म्हणजे चकाकता पातळ पत्रा, लावलेला असे. त्याने रंग उठून दिसतो. म्हणून खरा रंग दगड सुटा केल्यावरच कळतो.

आज झांबियाचा माल भरपूर येतो. तो थोडा निळसर आणि पुष्कळदा जास्त स्वच्छ असतो. ब्राझील, अफगाणिस्तानातलं पंजशीर आणि राजस्थानातही पाचू निघतो. पैलू पाडण्याचं मोठं केंद्र जयपूर, म्हणून ‘जयपूरचा पाचू’ म्हणजे जयपूरच्या खाणीचा असं समजू नका. सुमार कोलंबियन दगडापेक्षा उत्तम झांबियन दगड केव्हाही चांगला. खाणीच्या नावाचे जादा पैसे मोजणार असाल तर ते नाव रिपोर्टवर असायलाच हवं. विक्रेत्याच्या तोंडच्या शब्दावर, आमच्याही, ते पैसे देऊ नका.

खोटा आणि कृत्रिम

हिरवी काच, रंगवलेला क्वार्ट्झ, ग्रीन ऑनिक्स आणि दोन तुकडे हिरव्या डिंकाने जोडलेला दगड, हे सगळे पाचू म्हणून विकले जातात. प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू ही वेगळी वस्तू आहे. त्याची रासायनिक घडण पाचूचीच असते, तो दिसतो सुंदर, आणि ‘कृत्रिम’ असं सांगून, बिलावर लिहून, त्याच्या भावाने विकला तर त्यात गैर काहीच नाही. दगडावर वाफ सोडणे, दुधात टाकणे, रंगीत फिल्टरमधून लाल दिसतो का बघणे, अशा घरगुती परीक्षांवर विसंबू नका. फिल्टरखाली कृत्रिम पाचू छान लाल दिसतो आणि झांबियाचा अस्सल पाचू कित्येकदा दिसत नाही.

रत्ती, कॅरेट आणि बिल

बुधासाठी करंगळीत पाचू घालणारे बरेच ग्राहक ‘पाच रत्तीचा द्या’ असं सांगतात. त्यांची श्रद्धा आम्ही मानतो, फक्त वजन कॅरेटमध्ये बोलू या. तोळ्याच्या हिशेबात 96 रत्ती म्हणजे एक तोळा, त्यामुळे पाच रत्ती साधारण 3 कॅरेट भरतात. रत्नबाजारात मात्र एक रत्ती सुमारे 0.91 कॅरेट धरतात, म्हणजे तेच पाच रत्ती साडेचार कॅरेटच्या वर जातात. कॅरेट सगळीकडे एकच: 0.2 ग्रॅम.

बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, पाचूचं कॅरेटमधलं वजन आणि दर, घडणावळ, सगळं वेगवेगळं असावं. दगडाचं वजन सोन्याच्या भावाने लागलेलं नाही ना, हे बघून घ्या. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो आणि एचयूआयडी हा दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, पाचूबद्दल ते काहीच सांगत नाहीत. मोठा दगड असेल तर रिपोर्ट सुट्या दगडाचा काढून मग तो दागिन्यात बसवावा. बसवलेल्या दगडाचं वजन प्रयोगशाळेला अंदाजानेच लिहावं लागतं.

घालताना, धुताना

पाचूची कठिणता मोह्सच्या मापावर (हिरा 10) 7.5 ते 8 आहे, पण चिरांमुळे तो ठोक सहन करत नाही. रोज घालायची अंगठी असेल तर चारही बाजूंनी सोन्याची कड असलेलं कोंदण घ्या. नुसत्या प्रॉंगवर, म्हणजे दगड धरणाऱ्या नख्यांवर, बसवलेला पाचू पेंडंटला किंवा कुड्यांना ठीक. कोपरे कापलेला अष्टकोनी घाट छान दिसतो आणि त्यात कोपराही वाचतो.

अंगठी काढून ठेवूनच भांडी घासा, कणीक मळा. सॅनिटायझर, अत्तर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी तेल निघून जातं. सोन्याचे दागिने रिठ्याच्या पाण्यात उकळायची आपल्याकडे पद्धत आहे, पण पाचूचा दागिना त्यात चुकूनही टाकू नका. कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मग सुती कापडाने टिपणं, एवढं पुरे. अल्ट्रासोनिक मशीन आणि वाफेची सफाई पाचूला वर्ज्य आहे, हे दुसऱ्या कुठल्याही पेढीवर पॉलिशला देताना आठवणीने सांगा. अंगठीचं माप बदलायचं असेल तर आधी दगड काढायला लावा. दगड आत ठेवून सोनं सांधायला डाग दिला, तर आचेने तेल जळतं आणि चीर आरपार जाऊ शकते.

काही वर्षांनी पाचूत पांढुरक्या रेषा दिसू लागल्या तर दगड फुटला असं समजून घाबरू नका. बहुधा तेल सुकलेलं असतं. दागिना मूळ रिपोर्टसह पेढीवर आणा. दगड काढून, तपासून तेल नव्याने लावता येतं. त्यानंतर भरणाची पातळी बदललेली असू शकते, म्हणून किमती दगडाचा रिपोर्टही नव्याने काढून घ्यावा.