बॅटरी एका रात्रीत मरत नाही

"काल तर चालू झाली होती, आज एकदम बॅटरीच गेली." जुनी गाडी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलंय, आणि मी स्वतःही म्हटलंय. सेल्फ मारला की नुसतं कट् कट् कट्, डॅशबोर्डचे दिवे मंद, आणि मग आपण कालच्या थंडीला दोष देतो. पण ती बॅटरी कित्येक महिने आतून हळूहळू दगड होत आलेली असते, कालची थंडी फक्त शेवटचा धक्का. हे दगड होणं नेमकं काय असतं ते कळलं तेव्हापासून मी बॅटरीकडे वेगळ्याच नजरेने बघतो, म्हणून आज मुख्यतः त्यावरच लिहितोय, बाकी टर्मिनल साफ करणं, बॅटरी बदलणं वगैरे ओघात येईलच.

आधी थोडं शाळेतलं. गाडीची बॅटरी म्हणजे एका डब्यात ओळीने जोडलेले सहा सेल, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणजे सगळे मिळून १२.६. त्यामुळे जिला आपण १२ व्होल्टची म्हणतो ती रात्रभर शांत ठेवल्यावर मल्टिमीटरवर १२.६ दाखवत असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि बरोबर १२.० दाखवली तर ती बरीच उतरलेली आहे. १२ बघून लोक खूश होतात, तिथेच फसतात. प्रत्येक सेलमध्ये एकीकडे शिशाची प्लेट, दुसरीकडे लेड डायऑक्साइडची, आणि मधे पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ मध्ये ही बनवली, आणि मूळ रसायन आजही तेच आहे.

वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, त्यात अ‍ॅसिड खर्च होतं आणि पाणी बनतं. म्हणून उतरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड पातळ असतं, हायड्रोमीटरवर (घनता मोजायची काचेची नळी) १.२७ च्या आसपास असणारा आकडा १.१२ पर्यंत खाली येतो. चार्ज केली की सगळं उलट्या दिशेने.

आता खरी गंमत. बहुतेकांना वाटतं चार्ज करताना प्लेटवरचं सल्फेट जागच्या जागी परत शिसं होतं. तसं नाही होत. ते आधी अ‍ॅसिडमध्ये विरघळतं, त्यातले शिशाचे आयन (विद्युतभार असलेले अणू) सुटे होतात, आणि मग ते आयन इलेक्ट्रॉन घेऊन निगेटिव्ह प्लेटवर शिसं म्हणून परत बसतात (पॉझिटिव्हवर इलेक्ट्रॉन देऊन डायऑक्साइड होतात). आणि लेड सल्फेट विरघळतं तरी किती, तर लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम! म्हणजे प्लेटवरचं सगळं सल्फेट या एवढ्याशा बोळातून रांगेने जायचंय. हे वेगाने व्हायचं असेल तर एकच मार्ग, सल्फेटचे कण बारीक हवेत, म्हणजे अ‍ॅसिडला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड मिळतो. बारीक मीठ पाण्यात टाकल्याबरोबर विरघळतं आणि तेवढ्याच वजनाचा मिठाचा खडा तळाशी बसून राहतो, तसंच.

नुकत्याच उतरलेल्या बॅटरीत कण असे बारीकच असतात. लगेच चार्ज केली तर काही बिघडत नाही. पण ती तशीच पडून राहिली तर? बारीक कणाच्या पृष्ठभागावरचे आयन मोठ्या कणावरच्यापेक्षा सैल धरलेले असतात कारण त्यांना आजूबाजूला शेजारी कमी असतात, त्यामुळे बारीक कणाजवळच्या अ‍ॅसिडमध्ये आयन किंचित जास्त आणि मोठ्याजवळ किंचित कमी असं होतं, मग आयन इकडून तिकडे सरकतात आणि मोठ्या कणावर जाऊन बसतात. बारीक कण झिजत संपतो, मोठा अजून मोठा होतो. बाहेरून वीज नको, काही नको, हे आपोआप चालू राहतं. याला ऑस्टवाल्ड रायपनिंग म्हणतात. आणि बॅटरीच्या बाबतीत वाईट भाग असा की अ‍ॅसिड पातळ झालं की सल्फेट थोडं जास्त विरघळतं, म्हणजे बॅटरी जितकी उतरलेली तितके हे खडे लवकर वाढतात, गरम जागी तर अजूनच लवकर. शिवाय लेड सल्फेट वीज वाहू देत नाही. स्पंजसारख्या शिशाच्या छिद्रांमध्ये हे खडे बसले की तेवढी प्लेट कायमची बाद. यालाच सल्फेशन म्हणतात.

त्यामुळे "मी दर आठवड्याला पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवतो" हा उपाय जितका वाटतो तितका कामाचा नाही. हिशोब करून बघा. सेल्फ मारताना समजा १५० अँपिअर तीन सेकंद लागले, तर खर्च फक्त ०.१२५ अँपिअर-अवर. सेल्फ दिसतो राक्षस पण खातो कमी. खरा खाणारा शांत असतो, घड्याळ, रेडिओची मेमरी, नंतर बसवलेला अलार्म, सगळे मिळून ५० मिलिअँपिअर धरा, तर दिवसाला १.२ आणि वीस दिवसांत २४ अँपिअर-अवर. ४५ ची बॅटरी अर्धी संपली, गाडी जागची हललेली नसताना. आणि चार्जिंगमध्ये पहिले ऐंशी टक्के भराभर आत जातात पण शेवटचे वीस टक्के, म्हणजे ते जरा मोठे झालेले खडे, तासन् तास घेतात. पाच मिनिटांत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) त्यांना हातही लावू शकत नाही. गाडी महिनोन् महिने उभीच राहणार असेल तर एक तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा, किंवा बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी करणारा छोटा चार्जर लावून ठेवा.

मग ती "एकदम" का जाते? कारण सल्फेशन व्होल्टेजमध्ये दिसत नाही, आतल्या रेझिस्टन्समध्ये, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यात दिसतं. चांगल्या बॅटरीचा आतला रेझिस्टन्स समजा ५ मिलिओहम, १५० अँपिअर ओढले की ओहमच्या नियमाने ०.७५ व्होल्ट आत पडतात, सेल्फला ११.८५ मिळतात. तोच २५ मिलिओहम झाला की ३.७५ पडतात आणि सेल्फला मिळतात ८.८५. शांत असताना दोघी १२.६ च दाखवतात! म्हणून मीटर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, ९.६ च्या खाली घसरत असेल तर शंका घ्या.

पण लगेच नवी आणू नका. जुन्या गाडीत हे १०-२० मिलिओहम बॅटरीच्या बाहेरही असू शकतात, टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरव्या भुकटीत, नाहीतर इंजिन आणि बॉडीला जोडणाऱ्या गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत. माझ्या गाडीची बॅटरी मी एकदा अशी विनाकारण बदलली, दोष त्या पट्टीचा होता. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून भुकटी धुवा (झाकणातून आत जाऊ देऊ नका), टर्मिनल घासून चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर प्लेटा कधीही उघड्या पडू द्यायच्या नाहीत, फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, तेही चार्जिंग झाल्यावर खुणेपर्यंत. अ‍ॅसिड घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच असतं. नळाच्या पाण्यातलं लोह आणि क्लोराइड बॅटरीला आतल्या आत उतरवतं.

आणि "मेलेली बॅटरी जिवंत करणारी" पावडर, गोळ्या यांच्या नादी लागू नका. अमेरिकेत एडी-एक्स२ नावाची अशी पावडर विकली जायची, मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेट. तिथल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने चाचण्या करून काही उपयोग नाही असं सांगितलं, तर १९५३ मध्ये संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांनाच सरकार पदावरून दूर करायला निघालं. शास्त्रज्ञांनी मोठा विरोध केला तेव्हा त्यांना परत घ्यावं लागलं, आणि नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या समितीनेही ब्युरोचंच बरोबर ठरवलं. सत्तर वर्षं झाली तरी तेच मीठ नवीन नावाने घरगुती उपाय म्हणून फिरतंय याचं मला खरंच वाईट वाटतं. तसंच बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते हेही खरं नाही, आजच्या प्लास्टिकच्या डब्यातून वीज जमिनीत जात नाही. ती नुसती पडून राहिल्यामुळे उतरते, जमिनीवर काय आणि फळीवर काय.

बदलायचीच झाली तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह, बसवताना बरोबर उलटं. कारण निगेटिव्ह सगळ्या बॉडीला जोडलेला असतो, तो जागेवर असताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला की शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो, आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो जो हवेत ४ टक्के झाला तरी पेटतो. फार जुन्या काही गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला असतो, तिथे आधी पॉझिटिव्ह. माप, टर्मिनलची बाजू, अँपिअर-अवर जुळवून घ्या. एक गोष्ट मात्र विसरली जाते, जुन्या गाडीचा रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज ठरवणारा भाग) १३.८ व्होल्टच्या आसपासच अडकत असेल तर कॅल्शियम प्लेटांची नवी मेंटेनन्स-फ्री बॅटरी, जिला १४.४ किंवा जास्त लागतात, ती कधी पूर्ण भरतच नाही आणि पुन्हा तेच खडे. अशा गाडीला पाणी घालायची साधी बॅटरी जास्त मानवते.

आणि नवी घेताना बनवल्याची तारीख बघा, मीटरही लावा. दुकानात सहा-आठ महिने तशीच पडलेली आणि १२.४ च्या खाली दाखवणारी बॅटरी परत करा, तिच्यात खडे वाढायला कधीच सुरुवात झालेली असते.