एन.डब्ल्यू.ए. एफबीआयमुळे फुटली नाही

लातूर-नांदेडकडं रॅप करणारी पोरं जमली की एक गोष्ट हमखास निघते: एफबीआयनं, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेनं, बंदी घातली म्हणून तिथल्या कॉम्प्टन शहरातला एन.डब्ल्यू.ए. हा रॅप ग्रुप फुटला. हे खरं नाही. बंदी कधी आलीच नाही. ग्रुपच्या पोलिसांवरच्या गाण्याबद्दल ऑगस्ट १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्यानं रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं, इतकंच. त्या पत्रानं ग्रुपचं नाव उलट वाढलं. जून १९९१ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता.

फूट पडली ती पैशावरून. बरेचसे बोल लिहिणारा आईस क्यूब १९८९ च्या शेवटी बाहेर पडला. आपल्या कामाचे पुरते पैसे मिळत नाहीत, ही त्याची तक्रार होती. समोर ठेवलेल्या करारावर त्यानं सही केली नाही. १९९१ मध्ये ग्रुपचं संगीत करणारा डॉ. ड्रेही पैशाच्या वादातूनच ग्रुप सोडून गेला. बीडकडं ऊसतोडीची उचल आणि मुकादमाचा हिशोब ज्या घरानं सोसलाय, तिथल्या पोराला हे भांडण चटकन कळेल. म्हणूनच ही दंतकथा मला खटकते. सरकारशी झुंज म्हटलं की गोष्ट भारी वाटते, पण लिहिणाऱ्याच्या मजुरीचा प्रश्न त्यात झाकला जातो.

ग्रुप उभा करणारा इझी-ई मार्च १९९५ मध्ये एड्सनं गेला.