एफएससीके ‘क्लीन’ म्हणतं, पण डेटा बरोबर आहे का?

फाइल सिस्टीमच्या कोडमधली दुरुस्ती तपासताना दोन प्रश्नांची हमखास गल्लत होते. डिस्कवरची रचना सुसंगत आहे का, हा एक. आणि प्रोग्रामने लिहायला सांगितलं तेच, त्याच जागी लिहिलं गेलं का, हा दुसरा. एफएससीके, म्हणजे डिस्कवरची फाइल सिस्टीम तपासणारं लिनक्समधलं हत्यार, फक्त पहिल्याचं उत्तर देतं. इनोडमधली (फाइलच्या माहितीच्या नोंदीतली) ब्लॉकची यादी, ब्लॉक बिटमॅप (कुठले ब्लॉक वापरात आहेत त्याचा नकाशा), लिंकची संख्या, डिरेक्टरीतल्या नोंदी हे सगळं ते पडताळून पाहतं. फाइलच्या ब्लॉकमध्ये काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

डिसेंबर २०२३ मधला ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमचा घोळ इथे बघण्यासारखा आहे. लिनक्स ६.१.६४ मध्ये एक पॅच (कोडमधला बदल) बॅकपोर्ट झाला, म्हणजे नव्या आवृत्तीतून जुन्या शाखेत आणला गेला. पॅच मुळात चुकीचा नव्हता, पण त्याला लागणारा आयोमॅपमधला (फाइल सिस्टीमना वाचन-लेखनासाठी लागणाऱ्या सामायिक कोडमधला) आधीचा पॅच ६.१ शाखेत आलाच नव्हता. तिथल्या जुन्या आयोमॅप कोडला डायरेक्ट लेखन (मेमरीतल्या कॅशला वळसा घालून थेट डिस्कवर केलेलं) संपल्यावर ईएक्सटी४ कडून ० अपेक्षित होता. ० आला तरच तो फाइलमधलं स्थान (पुढचं लेखन जिथून सुरू होतं ती जागा) पुढे सरकवायचा. नवा पॅच मात्र लिहिलेल्या बाइटची संख्या परत करू लागला. स्थान जागचं हललंच नाही.

म्हणजे ओ-डायरेक्टने, म्हणजे डायरेक्ट लेखनाच्या फ्लॅगने, उघडलेल्या नव्या फाइलमध्ये आधी ४०९६ ‘अ’ आणि लगेच ४०९६ ‘ब’ बाइट लिहिले, तर दोन्ही तुकडे शून्यापासूनच लिहिले जाणार. ‘अ’ पुसले गेले, फाइल ८१९२ ऐवजी ४०९६ बाइटची. राइट कॉलने दोन्ही वेळा मुकाट ४०९६ परत केले. एफएससीकेच्या नजरेतून बघा: एक इनोड, एक ब्लॉक, लांबी ४०९६. कुठे काय बिघडलंय? चेकसमही (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) कामाचा नाही, कारण चुकीच्या जागी पडलेल्या डेटाचा चेकसमही बरोबरच येतो.

डेबियन या लिनक्स वितरणाने १२.३ ची आवृत्ती थांबवली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढली, त्यात ६.१.६६ कर्नल (लिनक्सचा गाभा) होता. राहिलेला आयोमॅप पॅच त्याच कर्नलमध्ये आला.

चाचणीच्या हत्यारांतही हीच गल्लत दिसते. एफएसस्ट्रेस वाटेल त्या क्रमाने फाइली बनवतं, मोडतं, पण मजकूर पडताळत नाही. त्यानंतर एफएससीके चालवायचं ते रचनेसाठी. एफएसएक्स मजकूर मेमरीतल्या प्रतीशी ताडून पाहतं. पण गंमत अशी, की ते प्रत्येक लेखनाआधी एलसीक या स्थान बदलणाऱ्या कॉलने स्थान स्वतः ठरवतं, त्यामुळे न सरकणारं स्थान त्यालाही दिसलं नसतं. हा दोष लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट या चाचणीसंचातल्या प्रीडव्ही०३ मध्ये उघडा पडला, आणि ती तर वाचनाची चाचणी!

स्वतः तपासायचं तर ‘अ’-‘ब’ ची ८१९२ बाइटची नमुना फाइल घ्या. डीडी या प्रत करणाऱ्या कमांडने ४०९६ च्या ब्लॉकने, आउटपुटला डायरेक्ट फ्लॅग लावून तिची प्रत करा. अनमाउंट करा, पुन्हा माउंट करा, मग दोन फाइली ताडणारं सीएमपी चालवा. बिघडलेल्या कर्नलवर पहिल्याच बाइटला फरक दिसतो. एफएससीके अनमाउंट केलेल्या डिस्कवरच चालवा, नाहीतर खोट्या चुका दिसतात. ‘-एफ’ द्या, नाहीतर ते क्लीन खूण बघून न तपासताच बाहेर पडतं; शिवाय ‘-एन’ द्या, म्हणजे पुरावा दुरुस्त होऊन जाणार नाही. एक्सएफएसटेस्ट्स या फाइल सिस्टीम चाचण्यांच्या संचासाठी टेस्ट आणि स्क्रॅच अशी दोन वेगळी पार्टिशनं लागतात. स्क्रॅच पुनःपुन्हा फॉरमॅट होतं, तिथे कामाचं काही ठेवू नका.

दुरुस्त कर्नलआधी हीच डीडीची चाचणी ६.१.६५ वर चालवा. तिथे ती नापास झाली नाही, तर तुमच्या चाचणीत लेखन डायरेक्ट होतच नाहीये.