विज्ञानातली आघाडी वेगळी, विज्ञानसाक्षरता वेगळी

‘चारातल्या एका अमेरिकन माणसाला पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ठाऊक नाही, म्हणजे अमेरिका विज्ञानात संपली.’ हे इतक्यांदा ऐकलंय की शेवटी लिहायला बसलो. पूर्वार्ध खरा आहे. २०१२ च्या सर्वेक्षणात साधारण तेवढ्यांचं उत्तर चुकलं होतं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच देशाने ‘क्युरिऑसिटी’ ही संशोधन करणारी गाडी मंगळावर उतरवली.

आघाडी म्हणजे नोबेल, प्रयोगशाळा, शोधनिबंध. साक्षरता म्हणजे साध्या माणसाला विज्ञान कितपत कळतं ते. निबंधांच्या संख्येत २०१६ साली चीन अमेरिकेच्या पुढे गेला, हेही वाचलं असेलच.

घोळ होतो तो पुढे. लोक शहाणे झाले की देश आपोआप आघाडीवर जातो, असं आपण धरून चालतो. अमेरिकेची आघाडी उभी राहिली ती मुख्यतः सरकारी पैशावर आणि बाहेरून आलेल्या माणसांवर. ताऱ्यांचा अभ्यास करणारे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर शिकले मद्रास आणि केंब्रिजला, जनुकांवर काम करणारे हरगोविंद खुराना लाहोर आणि लिव्हरपूलला. दोघांची नोबेलं अमेरिकेच्या खात्यात जमा. तिथल्या शाळांचा त्यात काय वाटा? आघाडी जाते तीही पैशापायीच. टेक्सासमध्ये कणांची टक्कर घडवणारं अवाढव्य यंत्र बांधायला घेतलं होतं. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्चून झाल्यावर १९९३ मध्ये तिथल्या संसदेने ते काम बंद पाडलं. हिग्ज बोसॉन हा बराच काळ शोधला जात असलेला मूलकण पुढे २०१२ मध्ये सापडला, तो जिनिव्हाजवळच्या सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत.

आघाडी शाबूत असूनही साक्षरता कशी दगा देते, ते गोवरात दिसतं. लस १९६३ मध्ये अमेरिकेतच मंजूर झाली, २००० मध्ये तो देश गोवरमुक्त जाहीर झाला, आणि २०१९ मध्ये तिथे बाराशेहून जास्त रुग्ण निघाले. त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. संशोधक कमी पडले नव्हते.

आता उलटं बघा. जॉन मिलर नावाच्या अभ्यासकाने अनेक वर्षं हीच साक्षरता मोजली. त्याची कसोटी मला पटते: चांगल्या वर्तमानपत्राच्या विज्ञान पुरवणीतला लेख वाचून कळतो का? पाठ केलेली उत्तरं म्हणजे साक्षरता, हे मला मान्यच नाही. त्याच्या हिशेबाने १९८८ च्या सुमारास १० टक्के अमेरिकन प्रौढ त्यात बसत होते, वीस वर्षांनी २८ टक्के. टेक्सासचं यंत्र गेलं त्याच काळात ही वाढ झाली! मिलरने दिलेलं मोठं कारण साधं आहे. तिथल्या बहुतेक कॉलेजांत इतिहास शिकणाऱ्यालाही विज्ञानाचा एखादा विषय घ्यावाच लागतो.

आपल्याकडे दहावीनंतर मूल कॉमर्सला गेलं की विज्ञान तिथेच सुटतं, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी मीही टाळ्या वाजवल्या. पण विषाणूमुळे झालेल्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि का चालत नाही, हे त्या मुलाला यापुढे कोण सांगणार?